रूबी मायर्सची सुलोचना

मूकपटांच्या जमान्यावर कुठे चार ओळी छापून आल्या, तरी त्यात एक गोष्ट हमखास असते : सुलोचना नावाच्या नटीला मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार होता. आकडाही सांगतात, महिना ५,००० रुपये. गोष्ट ऐकायला झकास आहे, हिशेबात मात्र बसत नाही. १९३५च्या भारत सरकार कायद्यात मुंबईच्या गव्हर्नरचं वेतन वर्षाला १,२०,००० रुपये ठरवलेलं होतं, म्हणजे महिन्याला १०,०००. त्याआधी ते याहून थोडं जास्तच होतं. तेव्हा पाच हजारांची सुलोचना लाटसाहेबाच्या निम्म्यावरच अडते. तरी ही दंतकथा फेकून देण्यासारखी नाही. ती खरी धरून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, कारण सुलोचनाचा थाट पाहून ती खोटी वाटत नव्हती. आणि ज्या धंद्यात बारा-पंधरा वर्षांपूर्वी तोंडाला रंग लावायला एक बाई मिळत नव्हती, त्याच धंद्यातल्या बाईचा पगार लाटसाहेबाशी ताडून पाहिला जात होता.

मराठी वाचकाला सुलोचना म्हटलं की सुलोचनादीदी लाटकर आठवतात, नाहीतर ठसक्यात लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण. ही त्या दोघींच्याही आधीची. तिचं खरं नाव रूबी मायर्स. जन्म पुण्यातला, साल १९०७. घराणं ज्यू, तेही बगदादी.

कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, आपल्या ओळखीचे असतात. पेणकर, चेऊलकर, केहिमकर अशी त्यांची आडनावं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगावी त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी, कीर्तनंसुद्धा मराठी. बगदादी ज्यूंची गोष्ट निराळी. हे लोक एकोणिसाव्या शतकात इराकमधून आणि आसपासच्या मुलखातून व्यापाराच्या निमित्ताने आले, बरोबर अरबी बोली घेऊन आले आणि एक-दोन पिढ्यांत इंग्रजीकडे वळले. डेव्हिड ससून हे त्यांच्यातलं सगळ्यात मोठं नाव. कापूस आणि अफूच्या व्यापारात त्यांनी अमाप पैसा मिळवला आणि मुंबई-पुण्यात दानधर्मावर खर्चही केला. पुण्याच्या लष्कर भागात १८६७ साली उभं राहिलेलं त्यांचं प्रार्थनामंदिर पुणेकर आजही ‘लाल देऊळ’ म्हणूनच ओळखतात. ससूनांची कबरही तिथेच आहे. पण सगळेच बगदादी काही ससून नव्हते. त्यांच्यात दुकानांत, गोदीत, कचेऱ्यांत पोटापुरतं मिळवणारी साधी घरंही होती. अशा घरांतल्या मुली इंग्रजी शाळेत जायच्या आणि शिक्षण झालं की नोकरी धरायच्या. नर्स, टायपिस्ट, दुकानातली विक्रेती, टेलिफोन ऑपरेटर. रूबी टेलिफोन ऑपरेटर होती.

ही नोकरीची वाट महत्त्वाची, कारण त्या काळात बाईने परक्या पुरुषांसमवेत पगारी काम करणं हीच मुळात अपवादाची गोष्ट होती. दादासाहेब फाळक्यांनी १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ केला, तेव्हा तारामतीसाठी त्यांनी कुठेकुठे शोधाशोध केली हे सर्वांना ठाऊक आहे. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत कामाला असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. याच साळुंक्यांनी पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता, दोघांच्याही भूमिका केल्या. नाटकात स्त्रीपार्टी नट चालत होता. कॅमेरा जवळ आला की गोष्ट अवघड व्हायची. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या मायलेकी पडद्यावर आल्या (ही कमला म्हणजे विक्रम गोखले यांची आजी), पण त्यांच्यामागून मराठी घरांतल्या बायकांची रीघ काही लागली नाही. मग जागा कोणी भरून काढली? कलावंतिणींच्या घराण्यांतल्या मुलींनी, काही मुसलमान स्त्रियांनी आणि अँग्लो-इंडियन व ज्यू मुलींनी. कलकत्त्यात पेशन्स कूपर होती. रेने स्मिथ नावाची मुलगी सीतादेवी झाली, एफी हिप्पोलेट इंदिरादेवी, बेरिल क्लासन माधुरी.

नाव बदललं की माणूस बदलतो, असा निर्मात्यांचा हिशेब होता. पडद्यावर राजपुतानी म्हणून उभी राहणारी मुलगी जाहिरातीत मिस मायर्स असून चालणार नव्हतं. मूकपटाला भाषा लागत नव्हती, संवाद पाट्यांवर लिहून यायचे. त्यामुळे बाईची बोली, उच्चार, घरातली प्रार्थना यांपैकी काहीच प्रेक्षकापर्यंत पोचत नसे. पोचायचा तो फक्त चेहरा. आणि त्या चेहऱ्याला चारचौघांत वावरायचा, पुरुषाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, घोड्यावर किंवा मोटारीत बसायचा संकोच नसावा, एवढीच अट होती. पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण किंवा मराठा घरातल्या मुलीला ही अट पुरी करणं त्या वेळी जवळपास अशक्य होतं. बगदादी टेलिफोन ऑपरेटरला ती अवघड नव्हती.

अवघड नव्हती, म्हणजे सोपी होती असंही नाही. कोहिनूर फिल्म कंपनीचे दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी रूबीला पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तिने चक्क नाही म्हटलं. सिनेमातल्या बाईकडे लोक कोणत्या नजरेने बघतात हे तिलाही कळत होतं. भवनानी चिकाटीचे, त्यांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी ती तयार झाली. तिला अभिनयाची काडीचीही माहिती नव्हती. १९२५च्या ‘वीरबाला’पासून ती पडद्यावर आली आणि वर्षभरात दादरच्या कोहिनूर स्टुडिओची, म्हणजे द्वारकादास संपतांच्या त्या वेळच्या सगळ्यात जोरदार कंपनीची, मोठं आकर्षण ठरली.

तिच्या पहिल्या दोन वर्षांतल्या चित्रपटांची नावं नुसती वाचली तरी पुरे : ‘सिनेमा क्वीन’, ‘टेलिफोन गर्ल’, ‘टायपिस्ट गर्ल’. तोवर पडद्यावर बाई म्हणजे सीता, द्रौपदी, सावित्री, फार तर एखादी राजकन्या. इथे बाई कचेरीत जाते आहे, यंत्रापुढे बसून काम करते आहे, महिन्याच्या महिन्याला पगार घेते आहे. ‘टायपिस्ट गर्ल’ चंदुलाल शाह यांचा; पुढे रणजीत मूव्हीटोन काढून त्यांनी सामाजिक चित्रपटांचा कारखानाच चालवला, त्याची पायाभरणी इथली. ‘टेलिफोन गर्ल’मध्ये तर सुलोचना आपलीच जुनी नोकरी पडद्यावर करत होती. आज आपल्याला यात काही वाटणार नाही. १९२६च्या गिरगावातल्या पिटातल्या प्रेक्षकाला मात्र ही बाई पडद्यावर नवी होती. त्याने तिला ट्रॅममध्ये पाहिलं होतं, कचेरीच्या जिन्यावर पाहिलं होतं, पण तिच्याबद्दल गोष्ट असू शकते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

अभ्यासक सुलोचनाला बहुधा ‘प्रणयाची राणी’ म्हणून निकालात काढतात. हे फार तोकडं वर्णन आहे. नायिकेला नोकरी लावून देणारी ती पहिली मोठी तारका, हे तिचं खरं श्रेय. पुढे मराठी-हिंदी पडद्यावर ज्या शिक्षिका, डॉक्टरीणबाई, वकीलीणबाई आल्या, त्यांची सुरुवात शोधत गेलं तर तुम्ही या टायपिस्ट पोरीपाशीच येऊन पोचता.

१९२७चा ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ ही तर धमालच असणार. भवनानींनीच तो केला. यात सुलोचनाने एकटीने आठ सोंगं घेतली : माळी, पोलीस शिपाई, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचा पोरगा, सोनेरी केसांची युरोपियन बाई वगैरे. चौदा वर्षांपूर्वी पुरुषाला लुगडं नेसवून बाई करावी लागत होती; आता एक बाई मिशा लावून पोलीस होत होती आणि लोक त्यासाठी तिकीट काढत होते. दुहेरी भूमिकेचं हिंदी सिनेमाला जे वेड आहे, त्याच्या खानदानात या चित्रपटाचं नाव वरच्या बाजूला घालायला हवं. त्याच वर्षी तिने ‘बलिदान’ केला, रवींद्रनाथांच्या ‘विसर्जन’ नाटकावरून. दिग्दर्शक नवल गांधी. तिच्यासोबत झुबेदा आणि मास्टर विठ्ठल होते. चार वर्षांनी हीच जोडी ‘आलम आरा’त दिसणार होती. सरकारने नेमलेल्या रंगाचारियार समितीने देशी चित्रपटांची पाहणी केली, तेव्हा चांगल्या भारतीय चित्रपटाचं उदाहरण म्हणून ‘बलिदान’चा उल्लेख झाला. म्हणजे विनोद आणि साहसच तेवढं तिला जमत होतं, असं नाही.

कोहिनूरकडून ती अर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीत गेली आणि तिथे दिग्दर्शक आर. एस. चौधरी यांच्या हाताखाली तीन चित्रपटांनी तिला शिखरावर नेलं : ‘माधुरी’, ‘अनारकली’ आणि ‘इंदिरा बी.ए.’. नायक बहुतेक वेळा दिनशा बिलिमोरिया, पारशी, देखणा, हॉलिवूडच्या जॉन बॅरिमोरच्या धर्तीचा. पारशी सलीम आणि ज्यू अनारकली. मुंबईच्या सिनेमाचा स्वभाव सांगायला ही एक जोडी पुरेशी आहे.

‘अनारकली’च्या मागे एक शर्यत होती. लाहोरचे इम्तियाज अली ताज यांनी १९२२मध्ये लिहिलेल्या नाटकाने ही कहाणी घरोघर पोचवली होती. ग्रेट ईस्टर्न फिल्म कॉर्पोरेशनने तिच्यावर मोठ्या खर्चाचा चित्रपट काढायला घेतला, नायिका सीतादेवी. इंपीरियलला सुगावा लागला. इराणींनी चौधरींना कामाला जुंपलं आणि आपली ‘अनारकली’ घाईघाईने उरकून आधी चित्रपटगृहांत लावली. १९२८ साल. इंपीरियलच्या चित्रपटावर लोकांच्या उड्या पडल्या आणि पलीकडच्या, अधिक कष्टाने केलेल्या चित्रपटाची हवाच निघून गेली. यात न्याय किती हा भाग सोडा, पण लोकांनी निवड केली ती बव्हंशी एका चेहऱ्याची. नटीच्या नावावर चित्रपट चालतो, हे धंद्याला इथे कळलं आणि ते तो अजून विसरलेला नाही.

तिच्या लोकप्रियतेचा एक पुरावा मात्र पगाराच्या आकड्यापेक्षा जास्त बोलका आहे. महात्मा गांधी एका खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करत असल्याचा एक लघुपट बोलपटांच्या उंबरठ्यावर दाखवला गेला. त्याला ‘माधुरी’तलं सुलोचनाचं नृत्य ध्वनीची जोड देऊन चिकटवलेलं होतं. चरख्याशेजारी हे नृत्य बसलं कसं, असला प्रश्न कोणाला पडलेला दिसत नाही. गांधींना पाहायला येणारे आणि सुलोचनाला पाहायला येणारे एकाच तिकिटात यावेत, एवढाच व्यापाऱ्याचा विचार. खुद्द गांधींना सिनेमाचं वावडं होतं, ही त्यातली आणखी एक गंमत.

आणि मग पडदा बोलायला लागला.

१४ मार्च १९३१ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. तो काढला सुलोचनाच्याच कंपनीने, इराणींच्या इंपीरियलने. केनेडी ब्रिजजवळचा स्टुडिओ आगगाडीच्या रुळांना इतका खेटून होता, की गाड्यांचा खडखडाट टाळण्यासाठी चित्रण रात्री करावं लागे. कथा जोसेफ डेव्हिड यांची. हे जोसेफ डेव्हिड पेणकर, म्हणजे आपले कोकणातले बेने इस्रायल. देशातल्या पहिल्या बोलपटाची उर्दूमिश्रित हिंदुस्थानी एका मराठी ज्यू नाटककाराच्या लेखणीतून उतरली, आणि त्याच कंपनीची ज्यू तारका मात्र भाषेपायी बाहेर राहिली. नायिका झाली झुबेदा. तिच्या घरात उर्दू होती, तिची आई फातमा बेगम रंगभूमीवरून आलेली आणि स्वतः दिग्दर्शिका.

सुलोचनाला हिंदुस्थानी धड येत नव्हती. मूकपटांतल्या अनेक अँग्लो-इंडियन नट्यांचं दुकान इथे बंद झालं. काहींची नावं चित्रपटांच्या यादीतून वर्ष-दोन वर्षांत गळाली. सुलोचनाने दुसरा मार्ग धरला. तिने काम बाजूला ठेवलं, सुमारे वर्षभर हिंदुस्थानी शिकली आणि १९३२मध्ये ‘माधुरी’ पुन्हा केला, या वेळी बोलता. मग जुन्या यशांची एकेक करून उजळणी सुरू झाली. ‘इंदिरा बी.ए.’ची पाच वर्षांत ‘इंदिरा एम.ए.’ झाली, प्रेक्षक पुढे गेले तशी नायिकाही वरच्या वर्गात गेली. १९३५मध्ये ‘अनारकली’, १९३६मध्ये ‘बंबई की बिल्ली’. आपल्याच गाजलेल्या चित्रपटाची पुनर्निर्मिती करून पुन्हा पैसे मिळवायचे, ही युक्ती आज ओळखीची आहे. त्या काळात ती एका नटीने स्वतःला वाचवण्यासाठी वापरली. तिच्या थाटातली मोटारही याच दिवसांतली, १९३५ची शेव्हरोलेट. रूबी पिक्स या नावाने तिने स्वतःची चित्रसंस्थाही काढली.

तरी वारं फिरलं होतं. १९३२मध्येच प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. मुंबईच्या सुखवस्तू सारस्वत घरातली, सेंट झेवियर्समध्ये शिकलेली बाई. त्यांच्या पहिल्या, ‘फरेबी जाल’मधल्या छोट्याशा कामावरून घरात आणि समाजात काहूर उठलं होतं, ‘अयोध्येचा राजा’ने ते मिटवलं. अण्णा साळुंक्यांनी केलेली तारामती एकोणीस वर्षांनी एका खानदानी मराठी बाईकडे आली. पाठोपाठ देविका राणी आल्या, शांता आपटे आल्या. ‘सुशिक्षित, कुलीन स्त्रियांनी सिनेमात यावं’ अशी मागणी वृत्तपत्रांतून होतच होती. आता तसं घडू लागलं. आपण हा टप्पा अभिमानाने सांगतो आणि ते योग्यही आहे. पण या अभिमानात एक हिशेब राहून जातो. कुलीन स्त्रियांना सिनेमात यायला वीस वर्षं लागली. त्या वीस वर्षांत धंदा कोणी चालवला, लोकांची बोलणी कोणी सोसली, पडद्यावर बाई दिसणं ही नित्याची गोष्ट कोणी करून ठेवली? दरवाजा उघडणाऱ्या बायकांना नंतर त्याच घरात पाहुण्यासारखं वागवलं गेलं. खानदानाचं कौतुक करताना चित्रपटाच्या इतिहासकारांनी हा कृतघ्नपणा फारसा अंगाला लावून घेतलेला नाही.

इंपीरियल १९३८मध्ये बंद पडली. बिलिमोरियाबरोबरची पडद्यावरची जोडी आणि पडद्याबाहेरची मैत्री, दोन्ही त्याच सुमारास संपुष्टात आल्या, आणि दोघांचीही नायक-नायिका म्हणून मागणी ओसरली. सुलोचना तिशीत होती. पुढे मिळत गेली ती दुय्यम कामं. १९४७च्या ‘जुगनू’त, दिलीपकुमार आणि नूरजहाँच्या त्या चित्रपटात, तिची प्रौढ वयाची भूमिका होती. महाविद्यालयातल्या वयस्क मंडळींचं प्रेमप्रकरण दाखवणं सरकारला खपलं नाही आणि मोरारजी देसाईंच्या गृहखात्याच्या काळात मुंबई प्रांतात चित्रपटावर बंदी आली. विशीतल्या सुलोचनाच्या प्रेमावर देश फिदा होता. चाळिशीतल्या बाईचं प्रेम मात्र नीतिभ्रष्ट ठरलं.

१९५३मध्ये फिल्मिस्तानची ‘अनारकली’ आली. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल, ज्यांनी ‘इंदिरा एम.ए.’ केला होता तेच. अनारकली बीना राय, सलीम प्रदीपकुमार, संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं आणि आवाज लताबाईंचा. सलीमच्या आईचं, जोधाबाईचं काम सुलोचनाने केलं. एकाच कहाणीच्या तीन चित्रपटांत तीच बाई, पंचवीस वर्षांच्या अंतराने. दोनदा भिंतीत चिणली जाणारी आणि तिसऱ्यांदा चिणणाऱ्यांच्या महालातली राणी. हिंदी सिनेमात नायिकेच्या वयाचं काय होतं, याचं याहून नेमकं उदाहरण मिळणं कठीण. पुढे १९६०च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये जोधाबाई झाल्या त्या दुर्गाबाई खोटे. आजच्या प्रेक्षकाला जोधाबाई म्हटलं की दुर्गाबाईच आठवतात, त्यात दुर्गाबाईंचा दोष नाही.

सुलोचना ही ज्यू नट्यांतली एकटीदुकटी नव्हे. कलकत्त्याच्या बगदादी घरातली एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम प्रमिला नावाने आली, १९४७ची मिस इंडिया झाली आणि सिल्व्हर प्रॉडक्शन्स काढून तिने सोळा चित्रपट स्वतः निर्माण केले. पुढे तिची मुलगीही १९६७मध्ये मिस इंडिया झाली. पुरुषांमध्ये ‘बूटपॉलिश’मधला जॉनचाचा, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, सर्वांच्या परिचयाचा. आणि बगदादला जन्मलेली फ्लॉरेन्स इझिकेल, आपली नादिरा.

नादिरापाशी मात्र थोडं थांबावं लागतं. १९५२च्या ‘आन’मध्ये ती राजकन्या म्हणून आली. तीन वर्षांनी राज कपूरच्या ‘श्री ४२०’मध्ये तिचं नाव माया होतं, लांब नळीतली सिगारेट ओढणारी, अंगासरशी झगा घातलेली, नायकाला बिघडवणारी. समोर साडीतली, शाळा चालवणारी नर्गिस. तिचं नाव विद्या. नावांतूनच निकाल लावून टाकलेला. आता १९२६-२७ आठवून बघा. तेव्हा आखूड केसांची, पाश्चात्य कपड्यांतली, पुरुषांत सहज वावरणारी मुलगी नायिका होती. लोक तिच्या प्रेमात पडत होते. स्वातंत्र्यानंतर हेच रूप खलनायिकेकडे गेलं. ज्या मोकळेपणामुळे ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींना सिनेमाने आधी बोलावून घेतलं, त्याच मोकळेपणाची नंतर त्याच मुलींकडून शिक्षा भोगवून घेतली. नादिरा जबरदस्त अभिनेत्री होती म्हणून त्या चौकटीतही ती लक्षात राहते. १९७५च्या ‘ज्युली’तल्या आईच्या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. त्याच ‘ज्युली’त एका लहानशा भूमिकेत सुलोचनाही आहे. दोन पिढ्यांच्या दोन बगदादी नट्या एका चित्रपटात, दोघीही ख्रिस्ती वस्तीतल्या बायका म्हणून. सुलोचनाचं त्यानंतरचं आणखी एक छोटं काम १९७८च्या ‘खट्टा मीठा’मधलं, तेही पारशी घराच्या गोष्टीत. नायिका असताना तिला रजपूत राणीपासून मुघल दरबारातल्या दासीपर्यंत काहीही होता येत होतं. म्हातारपणी फक्त ‘आंटी’ होता आलं.

सरकारला तिची आठवण उशिरा का होईना, झाली. १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. हा सन्मान मिळवणारी ती दुसरी स्त्री. पहिल्या देविका राणी. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पुरस्कार सिनेमातल्या पहिल्या मोठ्या तारकेला मिळाला हे ठीकच झालं. १० ऑक्टोबर १९८३ला मुंबईत तिचं निधन झालं. भारतीय सिनेमाच्या शंभरीनिमित्त २०१३मध्ये टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांत तिचाही चेहरा आहे. डॅनी बेन-मोशे या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाच्या ‘शालोम बॉलिवूड’ या माहितीपटाने २०१७मध्ये या सगळ्या ज्यू कलावंतांची गोष्ट जगापुढे नेली. ती मराठीत अजून नीट सांगायची आहे, वास्तविक तिची निम्मी पात्रं पुणे, पेण आणि चौलची असताना.

सांगायला अडचण एकच, पण मोठी. आपल्याकडे तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पूर्ण शिल्लक आहेत. नायट्रेटची फिल्म भडकन पेट घ्यायची. जी जळली नाही ती चांदीसाठी वितळवली, उरलेली गोदामांत सडली. सुलोचनाच्या ज्या कामाने हा सगळा गाजावाजा झाला, ते मूकपटांतलं काम आज आपण बहुतेक स्थिरचित्रांवरून, जाहिरातींवरून आणि चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांवरूनच ओळखतो. तेव्हा वाड्याच्या माळ्यावर किंवा आजोबांच्या ट्रंकेत जुन्या सिनेमाची पुस्तिका, हस्तपत्रक, नट-नट्यांची छायाचित्रं, एखादं रिळाचं डबडं सापडलं, तर ते रद्दीवाल्याला किंवा भंगारवाल्याला देऊ नका. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. आधी तिथे एकदा चौकशी करा.